कॉट्सवोल्ड्समधल्या जुन्या दगडी रांगेतलं घर: अहवालात ओल आणि वाकलेलं आढं, घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे चुकीचं समजून उत्तर द्यायला नको. तुम्ही दोघं इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला नोकरी करता. कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या बायबरी गावी फिरायला गेलात, तिथली आर्लिंग्टन रो ही जुन्या घरांची रांग बघितलीत आणि त्याच भागातल्या एका गावात तशाच दगडी कॉटेजेसच्या रांगेतलं मधलं घर घ्यायचं मनावर घेतलंत. मग सर्व्हेअरचा अहवाल आला. तळमजल्याच्या भिंतींत ओल, छपराचं आढं, म्हणजे सर्वांत वरचं आडवं लाकूड, मधे खाली गेलेलं, पुढची भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही, आणि पाया ‘आढळला नाही’. एका बिल्डरनं भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं आणि आतून सिमेंटचा गिलावा करायचा असं कोटेशन दिलंय. आता तुम्ही विचारताय, घ्यावं की सोडावं?

ते मी इथे बसून सांगू शकणार नाही. घर कुठल्या मातीवर आहे, लिस्टेड, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या यादीत, आहे का, आधीच्या मालकांनी काय काय करून ठेवलंय, बँक काय अट घालते, यावर ते ठरेल. पण तुम्ही लिहिलेल्या नोंदी वाचून एक गोष्ट लगेच जाणवली. सर्व्हेअरनं या घराला आजच्या विटांच्या घराची फूटपट्टी लावली आहे. ओल सोडली तर बाकीच्या तीन नोंदी दोषच असतील असं नाही, जुनी रांग बहुतेक वेळा अशीच असते. ओलीवर सुचवलेला उपाय मात्र घराचं खरोखर नुकसान करेल. म्हणून ही घरं मुळात उभी कशी राहतात ते आधी सांगते. ते कळलं की कुठली ओळ गंभीर आहे हे तुमचं तुम्हालाच ताडता येईल. मी पुण्यात शिकले, पहिली काही वर्षं पेठांमधल्या वाड्यांच्या दुरुस्तीत गेली, आणि गेली सतरा वर्षं ग्लॉस्टरशर-ऑक्सफर्डशर भागात जुन्या घरांचंच काम करते. खाली जे लिहितेय ते त्या कामातून आलेलं आहे.

तुम्ही आर्लिंग्टन रो बघून आलात, तर तिथूनच सुरुवात करू. तुम्हाला तिथे एकाला एक लागून उभी असलेली छोटी छोटी घरं दिसली. पण ती घरं म्हणून बांधलेलीच नव्हती. १३८० च्या सुमाराला तिथे मठाचं लोकरीचं कोठार उभं राहिलं. सतराव्या शतकात त्या कोठाराची विणकरांसाठी घरं केली. विणलेलं कापड जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये जायचं, तिथे ते धुऊन-कुटून त्यातला लोकरीचा तेलकटपणा काढायचे, आणि मग रांगेसमोरच्या पाणथळ कुरणात लाकडी चौकटींवर ताणून वाळवायचे. त्या कुरणाला आजही रॅक आयल म्हणतात. म्हणजे रांग, गिरणी, कुरण आणि कोल्न नदी मिळून एकच कारखाना होता. आज ही रांग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि तिला ग्रेड एकचं, म्हणजे सर्वांत वरचं, संरक्षण आहे. त्या घरांत अजूनही माणसं राहतात, त्यामुळे पुन्हा गेलात तर खिडकीतून आत डोकावू नका. रोज शेकडो पर्यटकांनी आपल्या स्वयंपाकघरात डोकावलं तर कसं वाटेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

कोठाराचं घर करायचं म्हणजे काय करावं लागतं? कोठाराला धुराडं नसतं, माळ्याला राहण्याजोगी जमीन नसते, खिडक्या नसतात. हे सगळं नंतर घुसवायचं. म्हणून अशा रांगेकडे बघताना मी आधी छप्पर वाचते आणि घरं नंतर. छप्पर जुनं, त्याखालच्या आडभिंती नव्या. आपल्याकडे जुनं घर खणांत मोजतात, पाच खणी, सात खणी. तीच नजर इथे लावा. छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी म्हणजे कैच्या, अशा दोन मोठ्या कैच्यांमधली जागा हा एक खण, आणि अशा जुन्या कोठारातून केलेल्या रांगेत एका घराच्या वाट्याला एक किंवा दोन खण आलेले असतात. धुराडी कुठे आहेत ते बाहेरून मोजलंत तर आत किती चुली होत्या आणि घरं कुठे तोडली, याचा अंदाज रस्त्यावरूनच येतो.

तुमची रांगही कोठारातूनच झाली असेल असं मी म्हणत नाही. काही रांगा एका झटक्यात रांग म्हणूनच बांधल्या, काही एकेक घर मागच्या घराच्या कडेच्या भिंतीला टेकवत शंभर-दीडशे वर्षांत वाढल्या. ओळखायचं कसं? दोन घरांच्या मधे पुढच्या भिंतीवर उभी सरळ रेघ दिसते का बघा, जिथे एका बाजूचा दगड दुसऱ्या बाजूच्या दगडात अडकलेला नाही. अशी रेघ असेल तर तुमचं घर आणि शेजारचं घर वेगवेगळ्या वेळी उभं राहिलंय. रेघ नसेल आणि दगडांचे थर अखंड पुढे जात असतील तर ते एकत्र बांधलंय, किंवा आधी एकच इमारत होती. तुमच्या वकिलासाठीही हे महत्त्वाचं आहे, कारण एकाच इमारतीचे तुकडे झालेले असतात तिथे एकाची झोपायची खोली दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर चढलेली असू शकते. इथे त्याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात आणि काही बँका त्यावर कर्ज द्यायला कुरकुर करतात.

माळ्यावर चढून बघणं तर फारच गरजेचं. एकाच छपराखाली घरं तोडलेली असली की खाली आडभिंत असते, पण वर माळ्यावर ती छपरापर्यंत गेलेलीच नसते. मी अशा माळ्यांवर चढले आहे जिथून टॉर्च मारला की चार घरं पलीकडचं धुराडं दिसतं. आग लागली तर ती त्याच वाटेनं जाते. हे असेल तर घर सोडायचं कारण नाही, पण शेजाऱ्यांशी बोलून तिथे आगीला अडवणारा पडदा उभा करावा लागेल आणि विम्यासाठी त्याची नोंद लागेल. माळ्यावर आणखी दोन गोष्टी बघा. खालच्या खोलीतली चूल कुणी जागा मिळवायला फोडून काढली आणि धुराड्याचा वरचा भाग तसाच सोडला, असं आहे का? दोन-तीन टन दगड माळ्यावर एखाद्या लोखंडी कोनावर किंवा चार फळ्यांवर तोललेला मी पाहिलाय, आणि तो धोका खराखुरा आहे. दुसरं, छपराच्या आतल्या बाजूला पिवळट फोमची फवारणी केलेली दिसली तर तिथेच थांबा आणि मला कळवा. त्या फोमखाली लाकूड घामेजतं आणि कुणाला दिसत नाही, आणि अशा घरांवर अनेक बँका कर्ज नाकारतात.

आता छपराबद्दल जरा सविस्तर, कारण या सगळ्या वास्तूचं मूळ तिथे आहे. छपरावरच्या ज्या फरश्यांना तुम्ही स्लेट म्हणताय ती खरी स्लेट नाही. तो थरांमध्ये फुटणारा चुनखडीचाच दगड आहे. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोन्सफील्डला तर हा दगड खाणीतून काढून हिवाळाभर उघड्यावर ओला ठेवायचे, आतलं पाणी गोठून फुगलं की दगड आपोआप फरश्यांसारखा सुटायचा. असा दगड जाड असतो, वेडावाकडा असतो, एकावर एक चपखल बसत नाही आणि पाणी पितो. म्हणून पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, उभं हवं, पन्नास-पंचावन्न अंशांचं, म्हणजे पाणी थांबायच्या आत खाली जातं. पाखं इतकं उभं झालं की माळा आपोआप उंच होतो. माळा उंच झाला की तिथे माणूस झोपू शकतो, आणि माणूस झोपणार म्हटल्यावर उजेड हवा. म्हणून पुढची भिंतच वर चढवून तिच्यात खिडकी बसवली आणि वर त्रिकोणी कपाळ दिलं. कॉट्सवोल्ड्सच्या प्रत्येक फोटोत दिसणारी ती त्रिकोणी कपाळं अशी आली आहेत. पाख्याच्या मधेच भोक पाडून खिडकी काढणं जाड दगडी फरश्यांच्या छपरात फार जिकिरीचं, त्यापेक्षा भिंत वर नेणं सोपं. दोन पाखी जिथे मिळतात त्या खोबणीतही जुने कारागीर शिशाचा पत्रा घालत नसत, फरश्याच थोड्या थोड्या वळवत वळणदार खोबण करत.

फरश्या वरपासून खालपर्यंत एका मापाच्या नसतात हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वळचणीला दोन फुटांपर्यंतच्या, आणि आढ्यापाशी वीतभराच्या. एकदा आमच्या कामावर एक वयस्क छप्परवाले अख्ख्या छपराच्या उतरवलेल्या फरश्या अंगणातल्या गवतावर रांगा लावून मांडत होते. हातात खाचा पाडलेली एक काठी. फरशी उचलायची, तिच्या भोकापासून खालच्या टोकापर्यंत काठी लावायची, खाच बघायची, आणि त्या त्या ढिगात ठेवायची. प्रत्येक मापाला त्यांच्याकडे नाव होतं, बॅचलर, मफिटी अशी. दिवसभर ते फक्त मांडत होते, छपरावर एक फरशी चढली नव्हती, आणि घरमालक अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत होते. मी त्यांना समजावलं की छपराचं निम्मं काम इथेच होतंय. खाणीतून सगळ्या मापांचे दगड निघतात, काही फुकट घालवायचं नाही. खाली वळचणीपाशी पाणी सर्वांत जास्त येतं, म्हणून तिथे मोठा दगड आणि मोठी चढण. वर पाणी थोडं, तिथे लहान चालतो. फरश्या ओकच्या मेखेनं रिपांवर लटकवायच्या आणि आतून केस घातलेल्या चुन्यानं सांधे लिंपायचे. तुमच्या रांगेत कुणी हे छप्पर काढून एका मापाची काँक्रीटची कौलं घातली असतील तर ते रस्त्यावरूनच ओळखू येईल, सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या दिसतील.

या छपराचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भरतं, कधी त्याहून जास्त. इतकं ओझं ज्या ओकवर ठेवलं तो ओक त्या काळी हिरवाच, म्हणजे ताजा कापलेला वापरायचे. वाळलेला ओक इतका कडक होतो की त्यावर हत्यार चालत नाही. हिरवं लाकूड छपराच्या ओझ्याखाली वाकलं, वाकलेलं असतानाच वाळलं, आणि त्याच आकारात कायमचं घट्ट झालं. म्हणून तुमच्या अहवालातली ‘आढं खाली गेलंय’ ही नोंद वाचून मी घाबरले नाही. ते बहुधा बांधल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांतच खाली गेलंय आणि तेव्हापासून तसंच आहे. मला हे जाणून घ्यायचंय की ते आता हलतंय का. लाकडात ताजी, उजळ रंगाची फट आहे का? वाशांची टोकं जिथे भिंतीवर टेकतात तिथे बोट खुपसलं तर लाकूड भुगा होऊन येतं का? फरश्यांच्या ओळी एका जागी अचानक तुटल्यासारख्या दिसतात का? यातलं काही नसेल तर त्या वाकलेल्या आढ्याला हात लावू नका. सरळ करायला गेलात तर खालची भिंत हलते.

भिंतींकडे वळू. दगड इथलाच, ज्युरासिक काळातला चुनखडीचा. हातात घेऊन जवळून बघा, माशाच्या अंड्यांसारखे किंवा भाजलेल्या रव्यासारखे गोल गोल कण एकमेकांना चिकटलेले दिसतील. त्यात लोह असतं म्हणून तो मधाच्या रंगाचा. भिंत मात्र अख्ख्या दगडाची नसते. बाहेर एक पदर, आत एक पदर, आणि मधे बारीक दगड, चुना, माती यांचा भराव. सगळं मिळून पन्नास-साठ सेंटिमीटर. अधूनमधून एखादा लांब दगड दोन्ही पदरांत घुसलेला, तो भिंतीला शिवण घालतो. कोपऱ्यांना, खिडक्यांच्या चौकटींना आणि खिडकीवरच्या पाणी झटकणाऱ्या पट्ट्यांना घडीव दगड, बाकी सगळा गबाळा. घडवणावळ महाग, म्हणून घडीव दगड जिथे पाणी आणि भार येतो तिथेच.

खिडक्या लहान का, असं तुम्ही विचारलंय आणि खिडक्यांवरच्या करामुळे का असंही लिहिलंय. तो कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण तो खिडक्यांच्या संख्येवर होता आणि कॉटेजमध्ये मुळात खिडक्याच चार-सहा. त्याचा संबंध मोठ्या घरांशी. इथे कारण साधं आहे, खिडकीवर आडवी टाकलेली दगडी कपाळपट्टी लांब अंतर पेलत नाही, काच महाग होती, आणि मोठं भोक म्हणजे मोठी थंडी. म्हणून मधे दगडाचे उभे दांडे घालून दोन-तीन अरुंद खिडक्या शेजारी शेजारी.

भिंत ओळंब्यात नाही म्हणजे काय झालंय, हे दोन प्रकारे असू शकतं आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संपूर्ण भिंत एकसंध थोडी बाहेर झुकली असेल, तर पंचावन्न सेंटिमीटर जाडीच्या भिंतीला चार-पाच सेंटिमीटरचा झुकाव सहसा पेलतो, कारण वजन अजून भिंतीच्या तळाच्या मधल्या भागातच पडतंय. छपराचा रेटा शेकडो वर्षं बाहेर ढकलतोय, एवढं झुकणारच. पण भिंत मधेच पोट काढल्यासारखी फुगली असेल तर दोन पदर सुटायला लागलेत, आतला भराव खाली बसतोय, आणि हे काम लांबणीवर टाकता येत नाही. भिंतीला गाल लावून तिरक्या उन्हात वर बघा, फुगवटा लगेच दिसतो. बोटांच्या मागच्या बाजूनं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. तुमचं घर मधलं आहे ही जमेची बाजू. रांगेत मधली घरं एकमेकांना धरून असतात, सगळ्यात जास्त सोसतं ते टोकाचं घर. त्यामुळे तुमच्यापेक्षा दोन घरं पलीकडच्या टोकाच्या भिंतीची तब्येत जाऊन बघा. ती सुटली तर रांगेला ताण येतो.

‘पाया आढळला नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की आज ज्याला पाया म्हणतात तसा तो नाही. वरची माती खरवडून काढायची, खाली फुटक्या चुनखडीचा कडक थर लागला की त्यावर मोठाले दगड आडवे टाकून भिंत चढवायची. असा खडकाळ थर असेल तर काळजी नको. पण कॉट्सवोल्ड्सच्या उतारांवर चुनखडीखाली चिकणमातीचे थर येतात, आणि त्या दोघांच्या सांध्यावर झरे फुटतात. घर अशा ओळीवर असेल तर जमीन सरकते. गावात विचारा, आसपास झरा कुठे आहे. भूगर्भ नकाशा बघायला वकिलाला किंवा इंजिनिअरला सांगा. मी घर घेत असते तर पायाच्या शब्दापेक्षा या मातीवर जास्त वेळ घालवला असता.

इथवरचं थोडक्यात: वाकलेलं आढं आणि उथळ पाया ही बहुधा वयाची लक्षणं, झुकाव तपासायचा, फुगवटा आणि अधांतरी धुराडं हे धोक्याचं. आता ओल, आणि इथे मी अडून बसणार आहे.

ही भिंत पाणी अडवायला बांधलेलीच नाही. ती पाणी थोडं पिते आणि वारा-ऊन लागलं की सोडते. सोडण्याचं काम दगडापेक्षा दर्जातला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत भरलेला, चुना करतो, कारण तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. दर्जा झिजतो, दगड वाचतो, आणि पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा दर्जा भरतात. पेठेतल्या एका वाड्यावर ज्या गवंडी काकांकडे मी चुना शिकले ते पहिल्यांदा दर्जात खिशातली किल्ली खुपसून बघायचे. घाण्यात मळलेला चुना असेल तर किल्ली जोर लावल्यावर खरवडत जाते, मागे पांढरी पूड पडते. सिमेंट असेल तर किल्ली घसरते. ही परीक्षा इथेही तशीच चालते, कॉट्सवोल्ड्समध्ये पहिल्याच दिवशी मी तीच वापरली. जुन्या दर्जावर सिमेंट भरलं की पाण्याला बाहेर पडायला फक्त दगड उरतो. मग दगडाच्या तोंडाशी क्षार साठतात, हिवाळ्यात पाणी गोठतं, आणि दगड फुटतो. सिमेंटची जाळी तशीच उभी आणि मधला दगड आत खोल गेलेला, असं दिसलं की समजायचं.

एका घराचं सांगते. तुमच्यासारखंच, पाच घरांच्या रांगेतलं मधलं. आधीच्या ठेकेदारानं भिंतीत रसायन टोचलं होतं, आतून मीटरभर उंच सिमेंटचा गिलावा केला होता, वर प्लास्टिकचा रंग. हमीपत्रही होतं. तीन वर्षांनी ओल गिलाव्याच्या वरच्या कडेला, म्हणजे मीटरभर वर चढून, पट्ट्यासारखी दिसायला लागली. भांड्यांच्या कपाटामागचा गिलावा आम्ही छिन्नीनं काढला, तेव्हा त्यामागे दगडाचं तोंड ओल्या रव्यासारखं हातात आलं. मी बोटांनी चाचपलं, दोन सेंटिमीटर आत गेल्यावर कडक दगड लागला. तीनशे वर्षं धड राहिलेला दगड तीन वर्षांत असा झाला होता. घरमालकीण बाई जमिनीवर बसून त्या मातीकडे बघत राहिल्या. त्यांनी कर्ज काढून ते काम करून घेतलं होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच तुमचं कोटेशन वाचल्यावर हे इतकं लांबलचक लिहायला बसले.

खरं कारण बाहेर होतं. मागच्या बाजूला फुलांचा वाफा भिंतीला लागून घरातल्या जमिनीपेक्षा फूटभर उंच झाला होता, आणि पन्हळीचा एक सांधा फुटून पाणी तिथेच पडत होतं. आम्ही वाफा हटवला, भिंतीलगतची जमीन आतल्या जमिनीच्या खाली आणली, पन्हळ दुरुस्त केली, सिमेंट सगळं काढलं आणि भिंत उघडी ठेवली. अशी भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते असं आम्ही धरून चालतो, त्यामुळे वर्षभर घर विद्रूप दिसलं. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी. रसायन भरून उपयोग का होत नाही तेही सांगते. रसायन एकसारख्या विटेत, एका ओळीत पसरतं. इथे मधला भराव म्हणजे दगड, माती आणि पोकळ्या, त्यात सलग पडदा तयार होणंच कठीण. आणि भिंतीला टोचायचं ते मीटर, ते विजेचा प्रवाह मोजतं. भिंतीत क्षार असले तरी ते ओल दाखवतं. अहवालातली ओल त्या मीटरवरच मोजलेली असेल तर तिला अंतिम मानू नका. ओल तपासायला असा माणूस बोलवा जो स्वतः उपाय विकत नाही. बँक जर ‘हमीपत्र आणा’ म्हणून पैसे रोखत असेल तर अशा स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल पुढे करा. माझ्या अनुभवात काही बँका मान्य करतात, काही नाही.

चुन्याच्या कामाला ऋतू लागतो हेही हिशेबात धरा. ताज्या चुन्यावर गोठवणारी थंडी पडली तर तो भुसभुशीत होऊन गळतो. म्हणून बाहेरचं काम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. नोव्हेंबरात घर ताब्यात घेऊन नाताळपर्यंत दर्जा भरू असा बेत केला असेल तर तो पुढे ढकला.

कायद्याचं थोडक्यात. घर लिस्टेड आहे का ते हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेच्या यादीत फुकट बघता येतं. बहुसंख्य इमारती ग्रेड दोन असतात. लिस्टिंग फक्त पुढच्या भिंतीपुरतं नसतं, आतला जिना, चूल, माळ्यावरचं लाकूड सगळं आलं. १९९० च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय वास्तूच्या रूपाला बाधा येईल असा फेरफार करणं हा गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकानं केलेलं चुकीचं काम पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे उद्या तुम्हाला, येऊ शकते. त्याला कालमर्यादा नाही. त्यामुळे फोडलेली चूल, बदललेल्या खिडक्या, सिमेंटचा गिलावा यांची परवानगी होती का, हे वकिलाकडून आत्ताच विचारून घ्या. मधल्या भिंतीला हात लावायचा असेल तर शेजाऱ्यांना १९९६ च्या पार्टी वॉल कायद्यानुसार रीतसर नोटीस द्यावी लागते. रांगेत राहायचं तर शेजाऱ्यांकडे नोटिशीच्या आधी चहाला जाऊन या.

सल्ल्यासाठी एक जागा सांगते. विल्यम मॉरिस, ज्यांनी बायबरीला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव म्हटल्याचं सांगतात, त्यांनी १८७७ साली जुन्या इमारती वाचवायला एक संस्था काढली, स्पॅब म्हणतात तिला. जुन्याला नवं रूप देण्याच्या नादात ते पुसून टाकू नका, रोजच्या देखभालीनं झीज लांबवा, हे त्यांचं म्हणणं. ती संस्था आजही फोनवर मोफत तांत्रिक सल्ला देते. तुमच्या भिंतीचे फोटो घेऊन त्यांच्याशी जरूर बोला. बायबरीपासून थोड्याच अंतरावरच्या चेडवर्थमधलं एक कॉटेज १९३० च्या आसपास हेन्री फोर्डनं दगड दगड सुटा करून अमेरिकेत मिशिगनला नेलं, ते तिथल्या संग्रहालयात अजून उभं आहे. आर्लिंग्टन रोही त्याला न्यायची होती असं सांगतात. मी ते चेडवर्थचं घर फोटोतच पाहिलंय. छप्पर, भिंत, कपाळं, सगळं जागेवर आहे, फक्त ती जमीन, तो उतार आणि शेजारची घरं नाहीत. तुमच्या बाबतीत मला त्याच तीन गोष्टींची सर्वांत जास्त माहिती हवी आहे.

म्हणून आता एक करा. सह्या करायच्या आधी, जोराचा पाऊस लागलेल्या दिवशी छत्री घेऊन त्या घरी जा. आधी आत जाऊ नका. गल्लीत उभं राहून पागोळ्या कुठे पडतात, पन्हळ कुठे भरून वाहते, वरच्या उताराचं पाणी कुणाच्या भिंतीकडे येतं ते अर्धा तास बघा. मागच्या दारात उंबऱ्याला टेप लावून बाहेरची जमीन आतल्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते मोजा. दर्जात किल्ली लावा. मग मालकांची परवानगी घेऊन जिन्याखालचं कपाट उघडा, तिथला गिलावा बहुधा कुणी बदललेला नसतो, आणि त्याचा जवळून फोटो काढा. तो फोटो, उंबऱ्याचं माप आणि माळ्यावरून टॉर्च मारल्यावर काय दिसलं, एवढं मला पाठवा. मग कोटेशनमधल्या एकेका ओळीवर बोलू.